इंग्रजीतून उच्च शिक्षण : आपल्या वडीलधाऱ्यांनी ही वाट कशी काढली?

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की एकच प्रश्न घरोघर ऐकू येतो. मुलगा अथवा मुलगी उर्दू किंवा मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली असते. घरात कोकणी, दखनी किंवा मराठी बोलली जाते. आता मात्र प्राध्यापकांचे व्याख्यान इंग्रजीत, ग्रंथ इंग्रजीत आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीतच लिहावयाची. हे आपल्या मुलाला झेपेल काय? कित्येक पालक या धास्तीने पाचव्या वर्षीच मुलाला समजेल न समजेल अशा इंग्रजी शाळेत घालतात, आणि कित्येक हुशार विद्यार्थी याच धास्तीने पदवीच्या पहिल्या वर्षातच पुस्तके मिटवून कामधंद्याला लागतात. दोन्हीकडे नुकसान समाजाचेच होते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे प्रथम उभा राहिला, असे मात्र समजू नका. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनाही तो पडला होता. त्यांच्याजवळ आजच्यासारखी साधने नव्हती, घरी इंग्रजी जाणणारे कोणी नव्हते आणि कित्येकांना तर आप्तेष्टांचा विरोध सोसावा लागला. तरीही त्यांतील अनेकांनी इंग्रजी विद्या अशी आत्मसात केली की खुद्द इंग्रजांनी त्यांचे लेखन वाचले. त्यांनी हे कसे साधले, याचा थोडा इतिहास पाहणे आपल्या मुलांच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे.

इंग्रजीचा प्रवेश

२ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि त्याच वर्षी सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८३७ साली कचेऱ्यांतून फारसीला रजा मिळण्यास सुरुवात झाली. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली व त्यांच्या उच्च परीक्षांची भाषा इंग्रजी ठरली. अवघ्या बावीस वर्षांत विद्येचा दरवाजाच बदलला. ज्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या फारसी-अरबीचे अध्ययन चालत होते, त्या घराण्यांतील विद्वान माणूस एकाएकी कचेरीच्या लेखी अशिक्षित ठरू लागला.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. इंग्रज अधिकारी या देशात आले तेव्हा त्यांनाही आपल्या भाषा शिकाव्या लागल्या. त्यासाठीच १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले आणि मीर अम्मन यांचे ‘बाग-ओ-बहार’ हे उर्दू गद्यातील मान्यवर पुस्तक मूळ या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच तयार झाले. आपल्याकडे मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध केला. परकी भाषा कोणाच्याही रक्तातून येत नाही. शिकणाऱ्याला सोपी पुस्तके, कोश आणि वेळ लागतो. राज्यकर्त्यांनाही तो लागला. मग आपल्या मुलाला वेळ लागला तर त्यात लाज कसली?

नझीर अहमद यांचे उदाहरण

त्या काळी दिल्ली कॉलेज ही एक अपूर्व संस्था होती. तेथे गणित, विज्ञान इत्यादी नवे विषय उर्दूतून शिकविले जात आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे होत. तेथील शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी गणितावर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८५० साली कलकत्त्यास छापले गेले. ते पाहून डी मॉर्गन हे विख्यात इंग्रज गणिती इतके प्रसन्न झाले की १८५९ साली त्यांनी ते आपल्या प्रस्तावनेसह लंडनला पुन्हा प्रसिद्ध करविले. उर्दूतून शास्त्र शिकविणारा माणूस इंग्रजीत शास्त्र लिहू शकतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

याच कॉलेजात नझीर अहमद शिकत होते. पुढे ‘मिरात-उल-उरूस’ या १८६९ च्या कादंबरीमुळे घरोघर पोहोचलेले डेप्युटी नझीर अहमद ते हेच. त्यांच्या वडिलांचा इंग्रजीला कडवा विरोध होता, म्हणून कॉलेजात त्यांनी अरबीचा मार्ग धरला. इंग्रजी ते नंतर, नोकरीत असताना, स्वतःच्या मेहनतीने शिकले. आणि उशिरा शिकलेल्या या माणसाचा भारतीय दंड संहितेच्या उर्दू भाषांतरात मोठा वाटा होता. कायद्याचे इंग्रजी म्हणजे इंग्रजीतील सर्वांत अवघड इंग्रजी. एकेका शब्दावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून! पण अरबी व्याकरणाच्या अभ्यासाने वाक्याचे अवयव सोडविण्याची सवय त्यांना झालेली होती. ज्याला एका भाषेत बारकाईने वाचता येते, त्याला ती सवय दुसऱ्या भाषेत नेता येते. उशीर झाला म्हणून निराश होणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य डोळ्यांपुढे ठेवावे.

दोन स्तंभांची युक्ती

सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) यांना इंग्रजी बेताचेच येत होते. १८६४ साली त्यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिचे काम इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्याचे होते. ही संस्था लवकरच अलिगढला गेली आणि १८६६ पासून तिचे एक वृत्तपत्र निघू लागले. त्यात उर्दू व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. मराठी वाचकांना ही युक्ती परकी वाटू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्येही एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी असेच स्तंभ होते. इंग्रजी न कळले तर वाचक डोळा बाजूला वळवी, अर्थ समजून घेई आणि पुन्हा इंग्रजीकडे येई. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना हीच रीत शिकविली.

सर सय्यद यांचे विचारही एका जागी थांबले नाहीत. १८६७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ असावे असा अर्ज सरकारला केला होता. १८६९-७० मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले आणि पुढे त्यांचा कल इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्याकडे झुकला. १८७५ साली अलिगढची शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी कॉलेजची कोनशिला बसली. पण तेथे नुसती इंग्रजी पुस्तके नेमली नाहीत. १८८४ साली केंब्रिजच्या धर्तीवर विद्यार्थ्यांची वादसभा निघाली. पहिले प्राचार्य सिडन्स यांचे नाव तिला देण्यात आले. ठराव मांडावयाचा, बाजू घ्यावयाची, समोरच्याचे म्हणणे ऐकून मुद्देसूद उत्तर द्यावयाचे, ही तालीम विद्यार्थ्यांना मिळू लागली. विद्यापीठातील निबंध म्हणजे तरी दुसरे काय असते? तो कागदावरचा वादविवादच होय.

सर सय्यद यांचे चिरंजीव सय्यद महमूद केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले आणि १८८७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे कायम न्यायाधीश झाले. त्यांचे निकाल कायद्याचे अभ्यासक आजही वाचतात. विशेष गोष्ट अशी की भारतातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिला आणि तो १८९५ साली प्रसिद्ध झाला. बापाला इंग्रजी बेताचे आणि मुलगा इंग्रजीत इतिहासग्रंथ लिहितो. एका पिढीचे अंतर एवढेच असते, पण त्या एका पिढीने हिंमत धरावी लागते.

मुंबईची कामगिरी

आपल्या मुंबईकडे वळू या. बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १८४४ साली झाला. प्रथम मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि १८६० साली इंग्लंड, असा त्यांचा प्रवास झाला. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती ते हेच. स्वतः शिकून ते थांबले नाहीत. १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना झाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली. आपल्या मुलांना आपली भाषा व तालीम मिळावी आणि त्याबरोबर विद्यापीठाचा दरवाजाही उघडावा, हा या शाळेचा हेतू होता. १८८२ च्या हंटर आयोगानेही मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करून उच्च इंग्रजी शिक्षणास उत्तेजन देण्याची शिफारस केली.

याच मुंबईत १८७२ साली अब्दुल्ला यूसुफ अली यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते. वडिलांनी लहानपणीच त्यांना अरबीची गोडी लावली. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर ते विल्सन कॉलेजात गेले, १८९१ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्तीवर केंब्रिजला रवाना झाले. पुढे आय. सी. एस. झाले. १९३४ पासून लाहोरला प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे कुरआन शरीफचे इंग्रजी भाषांतर आज जगभर वाचले जाते. त्याला सहा हजारांहून अधिक टिपा आहेत. शब्दाचा अर्थ काय, दुसऱ्या विद्वानाचे मत काय, आपण निराळा अर्थ का घेतो, हे टिपांत सांगण्याची शिस्त हीच विद्यापीठीय लेखनाची शिस्त होय. लहानपणीच्या अरबीने त्यांचे इंग्रजी अडविले नाही, उलट त्या इंग्रजीला विषय दिला.

औरंगाबाद आणि हैदराबाद

याच सुमारास दुसरा एक प्रयोग झाला. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, परंतु इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा होता. त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हा इतिहास आपल्याही घरचा आहे. ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक यांनी बरीच वर्षे औरंगाबादला काढली. ते तेथील कॉलेजचे प्राचार्य होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यही त्यांनी तेथूनच चालविले. या संस्थेने १९३७ साली त्यांच्या संपादनाखाली मोठा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध केला. विचार करा, उर्दूसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाने इंग्रजीचा कोश केला! त्यांच्या लेखी दोन भाषांत वैर नव्हते. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, पण प्रयोगाचा धडा राहिला. विषय समजण्याची भाषा आणि जगाशी बोलण्याची भाषा या दोन्ही एकाच विद्यार्थ्याजवळ असू शकतात.

पाठांतराचा रोग आणि त्यावरील औषध

सर्वच चित्र उजळ होते असे नाही. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने स्पष्ट म्हटले की मॅट्रिक होऊन आलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजातील इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत. मुले ‘की’ आणि गाइडे पाठ करीत. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगात अलिगढचे डॉ. झियाउद्दीन अहमद हेही सभासद होते. या आयोगाने असा सल्ला दिला की, माध्यमिक शाळेत इंग्रजी व गणित सोडून बाकीचे विषय मातृभाषेतून शिकवावेत. जे विषय समजतात त्यांतून बुद्धी वाढते, आणि वाढलेली बुद्धी इंग्रजीलाही उपयोगी पडते, असा त्यामागील विचार आहे.

याच काळात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ काम करीत होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही पुस्तक का वाचू शकत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना आढळले की क्रमिक पुस्तकांत नवे शब्द एकदम फार येतात आणि पुन्हा भेटत नाहीत. म्हणून त्यांनी मोजके, वारंवार येणारे शब्द घेऊन वाचनमाला तयार केली. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. ही यादी पुढे जगभर वापरली गेली, आणि तिची मुळे ढाक्याच्या वर्गात होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

ते काम पुढेही चालले. २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे पस्तीस लाख शब्दांच्या विद्यापीठीय लेखनाची छाननी केली आणि वेस्टच्या यादीबाहेरचे, पण सर्व शाखांत येणारे ५७० शब्दसमूह निवडले. अ‍ॅनालाइज, कन्सेप्ट, एव्हिडन्स, मेथड, सिग्निफिकंट हे त्यांतलेच शब्द. विद्यापीठीय पुस्तकांतील सुमारे दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो. विद्यार्थीमित्रांनो, रोज दोन शब्दसमूह वाक्यासह लिहून काढलेत तर दहा महिन्यांत ही यादी संपते. आपल्याला डोंगर वाटतो तो मोजला तर एवढा आहे!

स्पोकन इंग्लिश म्हणजे विद्यापीठाचे इंग्रजी नव्हे

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुलगा फाडफाड इंग्रजी बोलू लागला की आपण निश्चिंत होतो. पण बोलण्याचे इंग्रजी व अभ्यासाचे इंग्रजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जिम कमिन्स या कॅनडातील संशोधकाने १९७९ साली हा फरक मांडला. परदेशातून आलेल्या मुलांना बोलचालीचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत जमते, पण अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीला यावयास पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले. त्यांचे दुसरे म्हणणेही महत्त्वाचे आहे. मातृभाषेत वाचन-लेखनाचा पाया पक्का असेल तर ते कौशल्य दुसऱ्या भाषेत उतरते. नझीर अहमद आणि यूसुफ अली यांच्या चरित्रांत आपण हेच पाहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम असावे असेच सुचविले आहे.

याचा अर्थ इंग्रजी पुढे ढकलावे असा नव्हे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जातो. म्हणजे बारावी होईपर्यंत आपल्या मुलाला बारा वर्षे मिळतात. ती बारा वर्षे प्रश्नोत्तरे पाठ करण्यात घालवायची की वाचण्यात, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय करावे?

वरील इतिहासातून काही साध्या गोष्टी निघतात. त्या कोणत्याही घरी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, दोन स्तंभ. वहीचे पान मधोमध दुमडावे. डावीकडे इंग्रजी परिच्छेद उतरवावा व उजवीकडे त्याचा अर्थ उर्दूत किंवा मराठीत लिहावा. दुसऱ्या दिवशी डावी बाजू झाकून उजवीवरून पुन्हा इंग्रजी करावे आणि मूळाशी ताडून पाहावे. आपली चूक आपणच दाखविणारा असा फुकटचा शिक्षक दुसरा नाही.

दुसरी गोष्ट, सारांश. एक पान वाचून पुस्तक मिटावे आणि लेखकाचे म्हणणे स्वतःच्या चार वाक्यांत लिहावे. वाक्ये साधी असली तरी चालतील, पण ती आपली असावीत. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घेतले तर त्याचे नाव द्यावे. विद्यापीठात नाव न देता केलेली नक्कल ही चोरी समजली जाते, आणि ही सवय शाळेतच लागली पाहिजे.

तिसरी गोष्ट, प्रश्नातील क्रियापद. ‘डिफाइन’ म्हटले तर व्याख्या, ‘कंपेअर’ म्हटले तर तुलना, ‘डिस्कस’ म्हटले तर दोन्ही बाजू. कित्येक मुले विषय येत असूनही मागितलेले सोडून भलतेच लिहितात आणि गुण गेले की दोष इंग्रजीला देतात.

चौथी गोष्ट, वादसभा. आठवड्यातून एक दिवस शाळेत, मोहल्ल्यात किंवा वाचनालयात पाच-सात मुलांनी जमावे, एक विषय घ्यावा आणि प्रत्येकाने तीन मिनिटे इंग्रजीत बोलावे. चुकणाऱ्याला हसू नये. मुलींनाही या सभेत बरोबरीचे स्थान द्यावे, नव्हे आग्रहाने बोलवावे.

पालक बंधु-भगिनींनो, तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसेल तरी तुम्ही खूप काही करू शकता. सर सय्यद यांनाही ते बेताचेच येत होते. मुलाला संध्याकाळी विचारा, “आज काय वाचलेस, ते मला आपल्या भाषेत सांग.” त्याला सांगता आले तर त्याला कळले आहे. सांगता आले नाही तर इंग्रजीत त्याने कितीही पाने भरली असली तरी ते केवळ पाठांतर आहे. ही परीक्षा घ्यायला कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, कॉलेजच्या पहिल्या महिन्यात व्याख्यान कळले नाही म्हणून घरी बसू नका. ते न कळणे ही १९०२ सालापासून नोंदलेली गोष्ट आहे, तुमच्या बुद्धीचा तो दोष नव्हे. प्राध्यापकांना भेटा, धडा आदल्या दिवशी वाचून जा, शंका लिहून न्या. ज्यांनी घरच्यांचा विरोध सोसून आणि कोश हाताशी नसताना ही वाट काढली, त्यांच्या मानाने तुमची वाट पुष्कळ रुळलेली आहे. त्या वाटेने चालून तुम्ही पुढे जावे आणि मागून येणाऱ्या भावंडांचा हात धरावा, एवढीच अपेक्षा.